कमलबस्तीतलं कमळ, वडगावचा काठ, खानापूरची माती

वार्षिक प्रदर्शनात चित्राखाली पट्टी असते: नाव, वर्ग, माध्यम आणि "प्रेरणा : निसर्ग". परीक्षक ती वाचतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "याची कच्ची कामं कुठं आहेत?" कॉलेजची परीक्षा असो, डिझाइन संस्थेची मुलाखत असो, कोल्हापूरला किंवा पणजीला प्रवेश घ्यायचा असो, पारडं इथंच फिरतं. ज्याच्याकडं एकाच विषयाची आठ-दहा पानं आहेत, मोजमापं, चुकलेले नमुने आणि शेरे यांच्यासकट, त्याला स्वतःच्या कामाबद्दल बोलता येतं. मोबाइलवर दिसलेल्या चार डिझाइनांची जोडणी करून फायनल केलेला विद्यार्थी दुसऱ्याच प्रश्नाला अडतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या मुलामुलींना ही पानं भरायला लांब जावं लागत नाही. पण "आपल्या मातीतली प्रेरणा" असं नुसतं म्हणून हाती काही लागत नाही. वस्तूपाशी बसून ती मोजावी लागते आणि ती कशी घडते हे घडवणाऱ्याला विचारावं लागतं. खाली काही विषय घेतलेत, त्यात काय मोजायचं आणि काम कुठं फसतं हे लिहिलंय.

कमलबस्ती

बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली. मूळ मूर्ती नेमिनाथांची. मुखमंडपाच्या छतातून जे कमळ खाली झेपावतं त्याच्या पाकळ्या ७२: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर. रचना शिकणाऱ्याला हा आकडा सोन्यासारखा आहे, कारण ३६० अंशांचे ७२ भाग केले की एक भाग बरोबर ५ अंशांचा येतो.

इथं पहिली चूक होते. २० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात ५ अंशांची जीवा साधारण १.७४ सेंमी भरते. विद्यार्थी कंपासात तेवढं अंतर धरतात आणि वर्तुळावर टोक टेकवत फिरतात. कंपास ०.२ मिलिमीटरनं चुकला तरी ७२ वेळा टेकवल्यावर ती चूक १४ मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे शेवटची पाकळी जवळजवळ अख्खी गिळली जाते. म्हणून मोठ्या भागांकडून लहान भागांकडं या. त्रिज्येएवढं अंतर धरून वर्तुळाचे सहा भाग करा. प्रत्येकाचा दुभाजक काढून १२, पुन्हा दुभागून २४. आता प्रत्येक भाग १५ अंशांचा. त्याचे तीन मात्र फक्त कंपास-पट्टीनं होत नाहीत, तिथं कोनमापक लावा. चूक झाली तरी ती त्या १५ अंशांच्या घरातच अडकते, पुढं सरकत नाही.

छताचा फोटो मान वर करून काढला तर कड्या कधीच एककेंद्री येत नाहीत. फोन जमिनीवर कमळाच्या बरोबर मध्याखाली उताणा ठेवा, समोरचा कॅमेरा वर, टायमर १० सेकंदांचा, आणि बाजूला व्हा. समोरचा कॅमेरा प्रतिमा आरशासारखी उलटवतो का ते सेटिंगमध्ये आधी पाहा. नाहीतर मूर्तींचे डावे-उजवे हात बदलतात आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. कमळ लोंबतं आहे, म्हणजे मधला भाग कॅमेऱ्याच्या जवळ आहे. फोटोत तो असतो त्यापेक्षा मोठा दिसतो आणि बाहेरच्या कड्या लहान. फोटोवरून ट्रेस केलेलं कमळ त्यामुळं पोटाला फुगतं. ट्रेसिंगच्या शेजारी बाजूनं बघून काढलेला छेद हवाच: कोणता थर किती खाली उतरतो, पाकळीचं टोक कुठं वळतं. कोणत्या थरात किती पाकळ्या आहेत तेही जागेवर मोजून कड्याशेजारी आकडा लिहा. छेद काढलेला विद्यार्थी पुढं त्याच कमळावरून दिवा, कर्णफूल किंवा छताची फरशी करू शकतो. ज्याच्याकडं फक्त ट्रेसिंग आहे त्याच्या हातून सपाट रांगोळीच निघते, मग ती कितीही सुबक असो.

खांबांकडंही वेळ द्या. ते चरकावर, म्हणजे लेथवर, फिरवून घडवल्यासारखे गुळगुळीत, एकावर एक कड्यांचे आहेत. लंबवर्तुळ शिकायला यापेक्षा चांगली जागा आसपास नाही. डोळ्याच्या पातळीवरची कडी सरळ रेघ दिसते. जसजसं वर किंवा खाली जाल तसतशी ती उघडत जाते, म्हणजे गोल होत जाते. विद्यार्थी सगळ्या कड्या एकाच गोलाईच्या काढतात आणि दोन्ही टोकांना अणकुची देतात. लंबवर्तुळाला टोक नसतं, तिथंही रेघ वळूनच जाते. डोळ्याची पातळी खांबावर एका फिकट रेघेनं आधी आखून घेतली की निम्म्या चुका टळतात.

दगड काळपट आणि घोटलेला आहे. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं तो काढायला गेलं की अख्खा कागद काळा करावा लागतो आणि चित्र मळकट होतं. काळा किंवा गडद करडा कागद घ्या, पांढऱ्या पेन्सिलीनं फक्त उजेड टिपा. संरक्षित स्मारक आहे आणि पूजाही चालते, तेव्हा दगडावर कागद टेकवून घासून ठसा घ्यायचा नाही, स्टँडसाठी परवानगी लागते, आणि पायातलं बाहेर. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण आणि खानापूर तालुक्यातलं हलशीचं भूवराह नृसिंह मंदिर ही याच अभ्यासाची पुढची पायरी. एकाच सहलीत तिन्ही उरकू नका. एका खांबाला दोन तास लागतात.

बेळगावात जागेवर बसून काढण्याची ही परंपरा चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींची. त्यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, पुढं मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात इलस्ट्रेशनमध्ये त्यांनी मोठं नाव मिळवलं, २०२२ साली गेले. त्यांच्या कामातली नक्षी आणि सजावट मन वेधते, पण तिच्याखाली माणसाचं, कापडाचं, इमारतीचं पक्कं रेखाटन उभं असतं. नक्षी आधी आणि अभ्यास मागाहून असा क्रम लावणाऱ्यांनी ती चित्रं जवळून पाहावीत.

वडगाव-शहापूरचे माग

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत माग आहेत. हातमाग कमी झाले, यंत्रमाग जास्त. टेक्स्टाइल डिझाइनचे विद्यार्थी "साडीच्या काठावरून प्रेरणा" म्हणून कोयरी काढतात, संगणकावर सफाईदार करतात, पण ती विणता येत नाही. मागावर वक्ररेषा नसते, असतात फक्त चौकोन. ग्राफवरचा एक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा.

काम सुरू करण्याआधी मागमालकाला तीन गोष्टी विचारा: इंचात ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती, आणि जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणारं यंत्र, किती हुकांचं. समजा उत्तर आलं ८०, ६० आणि २४०. आता तुम्ही साध्या चौकोनी ग्राफवर ८० रकाने आणि ८० ओळींची गोल बुट्टी काढलीत, तर कापडावर ती १ इंच रुंद आणि १.३३ इंच उंच येईल. म्हणजे अंड्यासारखी. गोल हवी तर ८० रकान्यांना ६० ओळीच घ्या, किंवा ग्राफच असा आखा की घराची रुंदी ३ मिमी आणि उंची ४ मिमी. कागदावर गोल दिसेल ते कापडावरही गोल येईल. हुक २४० असतील तर काठाची नक्षी २४० रकान्यांत संपली पाहिजे. २५२ रकान्यांचं सुंदर डिझाइन मागावर चढतच नाही.

दुसरी अडचण मोकळ्या धाग्याची. जरीचा किंवा रंगीत धागा न अडकता लांबवर गेला की तो बांगडीत, पैंजणात ओढला जातो. इंचात ८० धागे असताना दहा धाग्यांवरून गेलेला बाणा ३ मिलिमीटरहून थोडा लांब मोकळा राहतो. नेसायच्या साडीला हीच हद्द समजा. मोठी सपाट पाकळी असेल तर मध्ये ठिपक्यांनी बांधून घ्या. जुन्या काठांतल्या पाकळ्यांच्या पोटात बारीक जाळी का असते, त्याचं निम्मं उत्तर इथं मिळतं.

याच्याच जोडीला कसुतीचं भरतकाम. घरातल्या इरकलीच्या पदरावर किंवा आजीच्या खणावर ती सापडेल. चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, जाताना एकाआड एक टाका आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. मुर्गी पायऱ्यांसारखी चढते-उतरते. नेगी विणीसारखी दिसते, मेंथी फुलीची. कापडाचे धागे मोजून काम चालतं, छापून घेत नाहीत आणि गाठ मारत नाहीत, म्हणून गवंतीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्यातून डिझाइनचा नियम निघतो: रेघा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांच्या तिरक्या, आणि निघालेल्या जागी परत येता आलं पाहिजे. नक्षीत कुठं सुटी रेघ राहिली तर धागा मागून उडी मारून न्यावा लागतो, आणि उलट बाजू बिघडते. ग्राफवर गोपूर, रथ, तुळशीवृंदावन काढताना आधी पेन्सिल न उचलता वाट आखून पाहा. कसुतीच्या नावाखाली गोलाईदार वेली छापलेल्या कुर्त्या बाजारात खूप आहेत. विद्यार्थ्यांनी तरी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं.

खानापूरची माती

खानापूर म्हटलं की कौलं आणि कुंभारकाम. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. उठावाची फरशी, म्हणजे भिंतीवरच्या म्यूरलचा एक तुकडा, हे पहिलं काम म्हणून घ्या.

माती तीन-चार दिवस भिजवून चाळा, खडे आणि मुळं काढा. भाजलेल्या विटेचा किंवा कौलाचा बारीक चुरा १५ ते २० टक्के मिसळा. चुऱ्यानं आकसणं कमी होतं आणि ओल बाहेर पडायला वाट राहते. हवा जाईपर्यंत मळा, तारेनं कापून बघा, छिद्रं दिसली तर पुन्हा मळा. फरशीची जाडी १२ मिमी. उठाव अडीच सेंमीच्या वर जात असेल तर माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर मागून कोरून पोकळ करा, नाहीतर वरचा थर वाळतो आणि आत ओल राहते. ती ओल भट्टीत शंभर अंशांच्या पुढं वाफ होते आणि तुकडा फुटतो. शेजारच्या तीन कामांनाही घेऊन जातो.

मापाचा प्रश्न सगळ्यात जास्त मुलांना नडतो. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंमीची रेघ मारा, तारीख कोरा, वाळवा, भाजा, पुन्हा मोजा. ९ सेंमी भरली तर आकसणं १० टक्के. भाजल्यावर १५ सेंमीची फरशी हवी असेल तर ओली १६.७ सेंमीची कापावी लागेल. ही पट्टी प्रत्येक नव्या मातीला वेगळी करायची. म्यूरलचे नऊ तुकडे दोन वेळच्या मातीतून केले की सांधे जुळत नाहीत.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या हवेत फरशी वाळायला दोन आठवडे लागू शकतात. घाईनं पंख्याखाली ठेवली की वरची बाजू आधी आकसते आणि कडा वर उचलतात. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून ठेवा, कागद रोज बदला, फरशी रोज पालटा. सबमिशन ऑगस्टमध्ये असेल तर मातीचं काम मेमध्येच करून ठेवलेलं बरं.

दोन लिप्यांचा फलक

सीमाभागातल्या विद्यार्थ्याकडं एक गोष्ट असते जी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडं नसते: देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या त्याच्या डोळ्यांना लहानपणापासून सवयीच्या. अप्लाइड आर्टच्या पोर्टफोलिओत हा विषय फार कमी दिसतो, याची मला खंत वाटते.

देवनागरी शिरोरेषेला लटकते. कन्नडला सलग शिरोरेषा नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर सुटा तलेकट्टु, म्हणजे छोटी शिरोरेघ, असतो आणि जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, खाली बसतो. देवनागरीत वरही जागा लागते, वेलांटी, मात्रा, रफार यांना, आणि खाली उकाराला. म्हणून दोन्ही लिप्यांची नुसती उंची सारखी केली की मराठी ओळ मोठी आणि काळी दिसते. शिरोरेषेचा सलग पट्टा तिला वजन देतो. उंचीऐवजी रेघेच्या जाडीपासून सुरुवात करा. उभ्या दांड्याची जाडी आणि कन्नड गोलाईची जाडी सारखी ठेवा, शिरोरेषा दांड्याच्या साधारण ८० टक्के करा, मग डोळे बारीक करून दोन्ही ओळींचा करडेपणा जुळतो का पाहा. तिरक्या कापलेल्या टोकाच्या कटनिबनं लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीक फरक मोठा असतो आणि छापील कन्नड जवळजवळ एका जाडीची. ही जोडी शेजारी ठेवली की एक सणाची पत्रिका वाटते, दुसरी सरकारी नोटीस. दोन्ही एकाच हत्यारानं लिहून काढा.

आता खऱ्या फलकाचं गणित. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीची आहे. १० फूट बाय ३ फूट फलक म्हणजे ३० चौरस फूट, त्यातले १८ कन्नडला. उरलेले १२ मराठी आणि इंग्रजीत निम्मे वाटले तर मराठीला ६ चौरस फूट. १० फूट लांबीत ही पट्टी ७.२ इंच उंच होते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार वजा जाता अक्षराच्या अंगाला साडेतीन इंच उरतात. दर १० फूट अंतराला १ इंच उंची हा पेंटर लोकांचा ढोबळ हिशोब धरला तर हे नाव ३५ फुटांवरून नीट वाचता येईल, म्हणजे समोरच्या फुटपाथवरून, चौकाच्या पलीकडून नाही. मराठी नाव त्या पट्टीत ठसठशीत कसं बसवायचं हे इथल्या डिझायनरचं रोजचं, खरं काम आहे. "श्री विठ्ठल किराणा स्टोअर्स"मध्ये ट्ठ आणि श्री कुठं जागा खातात, "किराणा"ची वेलांटी किती वर जाते, याचे दहा पर्याय काढलेलं एक पान कुठल्याही मुलाखतीत बोलतं.

फ्लेक्स आल्यापासून हातानं फलक लिहिणारे पेंटर कमी झालेत. जे आहेत त्यांच्याकडं अर्धा दिवस बसा. खडूची दोरी झटकून ओळ मारणं, मोठ्या अक्षराचं वळण एकाच ओघात संपवणं, इनॅमल घट्ट झाला की ब्रश कसा ओढतो, हे बघूनच कळतं.

नाव कुणाचं

अथणी, निपाणी आणि मदभावीच्या चपला हा विषय बरेच जण घेतात. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं, त्यात कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, मूळ न सांगितल्यामुळं टीका झाली, आणि मग कंपनीनं ते मान्य केलं. तीच चूक आपल्या पोर्टफोलिओत करू नका. तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा, वेणी असे भाग सुटे करून काढा, वेणीला किती पट्ट्या ते मोजा, आणि कारागिराची परवानगी घेऊन त्याचं आणि गावाचं नाव चित्राखालीच लिहा. नमुना हवा असेल तर विकत घ्या. फुकट मागू नका.

पानं लावताना

एका विषयाला दहा पानं पुरेत. पहिली दोन जागेवरची रेखाटनं, तारीख आणि वेळेसह. मग मोजमापाचं पान, मग ज्यातून वस्तू बनते त्या साहित्याचा नमुना चिकटवलेलं पान: धागे, मातीची पट्टी, चामड्याचा तुकडा. तीन-चार पानं पर्यायांची, त्यातला कोणता का सोडला याची एक ओळ. शेवटी फायनलचा फोटो, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, कामाशेजारी पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. मातीच्या पट्टीला पारदर्शक ओएचपी शीटचा खिसा करा, डिंकानं चिकटवली तर महिन्यात सुटते. शेरे मराठीत लिहा, मुलाखत इंग्रजीत असली तरी. मनातलं नेमकं मराठीतच उतरत असेल तर बोलताना तेच सांगता येतं.

आणि फुटलेली फरशी फेकू नका. तिचाही फोटो लावा, तडा जिथून सुरू झाला तिथं बाण काढा, आणि त्या जागेची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा.